एकटीचं टेबल

“किती जण?”

या शहरातल्या हॉटेलच्या दारात मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा मी नकळत मागे वळून पाहिलं होतं. मागे कोणी नव्हतं, असण्याची शक्यताही नव्हती. शहरात येऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. “एकच,” मी म्हणाले, आणि ते सांगताना माझा आवाज खाली गेला.

पुढचे काही महिने ठरल्यासारखं तेच घडत राहिलं. वेटर मधली रिकामी टेबलं ओलांडत मला आत न्यायचा, थेट स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी किंवा हात धुण्याच्या बेसिनपाशी. तिथे भिंतीला टेकवलेलं दोघांचं टेबल असायचं. मी बसले की तो समोरची ताटली उचलायचा, मग पेला, मग काटा आणि चमचा. एकेक वस्तू काचेवर, लाकडावर घासत जायची तो आवाज मला अजून आठवतो. आजूबाजूचं कोणी बघत नसायचं बहुतेक. मला मात्र वाटायचं, माझ्यासोबत कोणी आलेलं नाही याची दवंडी पिटली जातेय. मी फोन काढायचे, खाली मान घालून भरभर जेवायचे आणि बिल यायच्या आत पाकीट हातात धरून बसायचे.

घरी स्वयंपाक करणं हा पर्याय होता, पण कागदावरच. खोलीत एक शेगडी होती. तिच्यावर काही तळलं तर त्याचा वास रात्रभर पांघरुणाला यायचा. मोठ्या शहरांत घरं लहान होत जातात तेव्हा सगळ्यात आधी स्वयंपाकघर आकसतं, आणि हे आजचं नाही. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेईत रस्त्यारस्त्याला तयार अन्न विकणारी दुकानं सापडली आहेत. रस्त्याकडे तोंड केलेला दगडी कट्टा आणि त्यात बसवलेले मातीचे रांजण. 2020 च्या डिसेंबरमध्ये अशाच एका दुकानाचा रंगवलेला कट्टा जगासमोर आला. त्या रांजणांच्या तळाशी बदक, बकरा, डुक्कर, मासे आणि गोगलगायी यांचे अवशेष मिळाले. दाटीवाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या, चूल नसलेल्या लोकांचं ते स्वयंपाकघर होतं. ते वाचलं तेव्हा मला फार आधार वाटला. बाहेर जेवणं म्हणजे चैन, हे ऐकत मी वाढले होते. दोन हजार वर्षांपूर्वी दिवसभर राबून आलेली कोणी बाई त्या कट्ट्याशी वाडगा घेऊन उभी राहिली असेल आणि तिला कोणी चैनी म्हटलं नसेल, असं मी मनाशी धरून चालते.

कोपऱ्यावरचं हॉटेल मला सापडलं ते पावसामुळे. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे ते. आत अकरा टेबलं आहेत आणि दारावरच्या काचेवरची अक्षरं निम्मी झिजली आहेत. मी दोन महिने त्याच्यासमोरून ये-जा करत होते, पण आतली माणसं इतकी एकमेकांच्या ओळखीची दिसायची की पाऊल उचलत नव्हतं. त्या रात्री छत्री उलटी झाली म्हणून आत शिरले. गल्ल्यावर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी विचारायच्या आधीच मी “एकच” म्हणून मोकळी झाले.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. पिशवीत घालून भिजू नये म्हणून मी पुस्तक स्वेटरच्या आत धरलं होतं, ते तेवढ्यात बाहेर काढलं होतं.

“खिडकीजवळ बसा,” त्या म्हणाल्या. “तिथे उजेड बरा आहे.”

खिडकीजवळ चौघांचं टेबल होतं. वेटर आला, पाणी ठेवलं, समोरच्या ताटलीकडे त्याचा हात गेला आणि मी सवयीनं अंग चोरलं. त्यानं ती ताटली माझ्या बाजूला सरकवली आणि तिच्यात पाव ठेवला. बाकी काही उचललं नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा सूप थंड होईपर्यंत वाचत बसले. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

*

एकट्या माणसाला बाहेर जाऊन, आपल्या वेळेला, आपल्या आवडीचं जेवता यावं ही कल्पना तशी नवी आहे. पूर्वीच्या युरोपात प्रवाशाला खाणावळीत जेवण मिळायचं, पण ते यजमानाच्या टेबलावर. एक लांब टेबल, एक ठरलेली वेळ आणि यजमान देईल ते अन्न. पंगतच म्हणा ना. उशीर झाला की उपाशी. शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात नाही, आणि मांसाचा बरा तुकडा ओळखीच्या लोकांपुढे जाणार हे ठरलेलं. 1760 च्या दशकात पॅरिसमध्ये काही जणांनी वेगळी सोय सुरू केली. ते मुळात विकत होते अशक्त माणसासाठी मांसाचा सकस काढा. या काढ्यालाच ‘रेस्तराँ’ म्हणत, म्हणजे तरतरी परत आणणारा. पुढे तो शब्द पदार्थावरून जागेला चिकटला. तब्येतीनं नाजूक माणसं वाटेल त्या वेळी येणार, म्हणून दिवसभर सोय. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, म्हणून निवडायला यादी आणि यादीत किमती. गर्दीत बसवणार नाही, म्हणून लहान लहान, सुटी टेबलं.

म्हणजे रेस्तराँ जन्माला आलं ते थकलेल्या, एकेकट्या माणसासाठी! जोडप्यांसाठी, वाढदिवसांसाठी, दहा जणांच्या ऑफिसपार्टीसाठी ते नंतर वापरलं जाऊ लागलं. आज मी एखाद्या नावाजलेल्या ठिकाणी ऑनलाइन टेबल राखून ठेवायला जाते आणि तिथे माणसांचा आकडा ‘दोन’पासूनच सुरू होतो, तेव्हा मला मनापासून राग येतो. ज्याच्यासाठी हे टेबल घडवलं त्यालाच तिथून उठवणं आहे हे.

*

ओळख कशी झाली ते नीटसं सांगता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बाईंनी नुसती मान हलवली. महिन्याभरानं वेटर पाण्यासोबत लिंबाची फोड आणू लागला, कारण मी ती दोनदा मागितली होती. आणि एका गुरुवारी मी कोट खुर्चीवर टाकत होते तेव्हा तो मेनूकार्ड न घेताच आला.

“नेहमीचंच ना?”

मी हो म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते. शहरात मला येऊन तेव्हा सात महिने झाले होते. ऑफिसात माझं नाव ओळखपत्रावर होतं, घरमालकाकडे करारावर होतं, बँकेत होतं. पण मी असले की काय करते, मला काय आवडतं, हे ठाऊक असलेला या लाखोंच्या वस्तीतला तो पहिला माणूस होता.

वेटरांच्या स्मरणशक्तीवर मानसशास्त्रात एक प्रसिद्ध गोष्ट सांगतात. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन नावाचे प्राध्यापक होते. वेटरला न फिटलेल्या बिलाची ऑर्डर बारकाव्यांसकट आठवते आणि पैसे चुकते झाले की ती डोक्यातून जाते, हे त्यांच्या लक्षात आलं म्हणे. त्यांची विद्यार्थिनी ब्लूमा झैगार्निक हिनं त्यावरून प्रयोग केले आणि 1927 मध्ये ते प्रसिद्ध केले. अर्ध्यावर राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त आठवतं, असा तिचा निष्कर्ष. मी हे आमच्या वेटरला एकदा सांगितलं. त्यानं ते गांभीर्यानं ऐकून घेतलं, दोन टेबलं पुसून परत आला आणि म्हणाला, “मला माणसं खुर्चीवरून आठवतात. तुम्ही दुसरीकडे बसलात तर मला विचारावं लागेल, काय घेणार म्हणून.”

म्हणजे बिल फिटलं तरी माझं काहीतरी त्या खुर्चीत राहत होतं.

अशा गिऱ्हाइकासाठी आणि त्याच्या हक्काच्या जागेसाठी अनेक भाषांत वेगळा शब्द आहे. जर्मन लोक नेहमीच्या मंडळींसाठी राखलेल्या टेबलाला ‘श्टामटिश’ म्हणतात. नवख्यानं तिथे बसायचं नसतं. जपानी बारमध्ये गिऱ्हाईक बाटली विकत घेतं, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून ती तिथल्याच फळीवर ठेवून जातं आणि पुढच्या वेळी तीच बाटली काढून दिली जाते. आपल्या नावाची एक वस्तू शहरात कुठेतरी फळीवर आपली वाट बघतेय, ही कल्पना मला फार आवडते. स्पॅनिशमध्ये जेवण संपल्यावरही टेबलाशी रेंगाळत गप्पा मारण्याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. आमच्या बाईंना यातला एकही शब्द माहीत नाही, पण रात्री दहानंतर त्या कोणाला बिल आणून देत नाहीत. आपण मागायचं. मागेपर्यंत बसायचं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी 1989 मध्ये अशा जागांना ‘तिसरी जागा’ म्हटलं. पहिली घर, दुसरी कामाची. तिसरीत आपण कोणाचे कोण याला फारसं महत्त्व नसतं, आणि गप्पा हेच मुख्य काम. मला त्यांचं पहिलं म्हणणं शंभर टक्के पटतं, दुसरं तितकंसं नाही. मी तिथे नऊ वर्षांत गप्पा थोड्याच मारल्या. मला तिथे जे मिळतं त्यासाठी मी माझ्यापुरता एक हिशेब मांडला आहे: ओळख असावी, चौकशी नसावी. नातेवाईक ओळखतात, पण लगेच चौकशी करतात: लग्नाचं काय, पगाराचं काय, वजन का उतरलं. अनोळखी गर्दी चौकशी करत नाही, पण तिथे मेलात तरी कोणाच्या लक्षात येत नाही. या दोन्हींच्या मधली एक पट्टी आहे आणि ती फार अरुंद आहे. कोपऱ्यावरचं हॉटेल त्या पट्टीवर उभं आहे. आता लिहिताना मात्र मला त्या वाक्याची खात्री पूर्वीइतकी राहिलेली नाही. त्याचं कारण पुढे येईल.

*

बारबद्दल लिहिताना मी जरा थांबते, कारण तिथे पोचायला मला आणखी दोन वर्षं लागली.

हॉटेलात एकटी बाई दिसली तर लोक समजून घेतात, भूक लागली असेल म्हणून. बारमध्ये एकटी बाई दिसली की तिची गोष्ट रचायला घेतात. हे सगळीकडे होतं, आणि ते नुसतं मनात नव्हतं, नियमांत आणि कायद्यात होतं. 1868 मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी डेल्मोनिकोज् हॉटेलात इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सला मेजवानी दिली, तेव्हा जेन कनिंगहॅम क्रोली या पत्रकार बाईला तिकीट नाकारलं. तिनं मैत्रिणींना जमवून स्त्रियांचा क्लब काढला आणि त्याच वर्षी, त्याच डेल्मोनिकोज् हॉटेलात सोबत एकही पुरुष न घेता त्या सगळ्या जेवायला बसल्या. त्याच शहरात मॅकसॉर्लीज् नावाचा जुना बार आहे. तिथे स्त्रियांना आत घ्यायला 1970 साल उजाडलं, आणि तेही कोर्टात जावं लागलं तेव्हा. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एल व्हिनो हा वकील आणि पत्रकारांचा बार होता. तिथे बाईनं काउंटरशी उभं राहून पेय मागायचं नाही, मागच्या खोलीत बसायचं, आणून देतील, असा नियम. तो 1982 मध्ये अपील कोर्टानं मोडीत काढला.

या सगळ्यांत मला जवळच्या वाटतात त्या ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या दोघी, मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉग्नर. 31 मार्च 1965 ला त्या रेगाटा हॉटेलच्या सार्वजनिक बारमध्ये गेल्या. तिथल्या कायद्यानुसार स्त्रीला तिथे पेय देता येत नव्हतं. नकार आल्यावर त्यांनी साखळीनं आपले पाय काउंटरखालच्या, पाय टेकवायच्या दांड्याला बांधून घेतले आणि कुलूप लावलं. पोलीस आले. आणि त्या बसून राहिल्या. मी माझ्या बारच्या उंच स्टुलावर बसते आणि बूट त्या पितळी दांड्यावर टेकवते तेव्हा मला त्या दोघी आठवतात. रोज नाही, पण आठवतात.

काउंटरच्या स्टुलाचा विषय निघाला की 1 फेब्रुवारी 1960 चा दिवस टाळून पुढे जाता येत नाही. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरशी बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते तिथेच बसले, दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थ्यांना घेऊन आले, आणि जुलैअखेर त्या काउंटरनं नमतं घेतलं. त्या काउंटरचा एक तुकडा आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चार स्टुलं आणि एक फळी! कुठे बसायचं, कोणाशेजारी बसायचं आणि आपल्यापुढे कप ठेवला जाईल की नाही, हा प्रश्न किती खोल जातो ते त्या फळीकडे बघून कळावं.

माझा बार आडगल्लीत आहे, जिना उतरून जावा लागतो असा. पहिल्या दिवशी मी जिन्याच्या तोंडाशी दोनदा येऊन परत फिरले. आत गेले तेव्हा काउंटरमागच्या माणसानं मान वर केली आणि म्हणाला, “या. थंडी पडलीय आज.” एवढंच. एक ग्लास वाइन दिली आणि ग्लास पुसायला वळला. अर्ध्या तासानं तीन स्टुलं पलीकडचा एकजण माझ्याशी बोलू लागला, मग खूप बोलू लागला. बारवाल्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मी काहीच म्हणाले नव्हते, आणि त्यानं त्या माणसाचा ग्लास उचलून काउंटरच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. “तुमची जागा इकडे केलीय साहेब.” आवाज चढला नाही, माफी मागितली गेली नाही. तो माणूस उठून ग्लासामागे गेला. या कामाला लागणारं कौशल्य कुठल्या कॉकटेलच्या पुस्तकात मिळत नसणार.

टेबलापेक्षा काउंटरवर एकट्या माणसाला बरं वाटतं याचं साधं कारण म्हणजे तिथे समोर रिकामी खुर्ची नसते. समोर काम चाललेलं असतं: बर्फ फुटतो, लिंबं कापली जातात, बाटल्या पुसून जागेवर जातात. आपण कामाकडे बघतो आणि आपल्याकडे कोणी बघत नाही. संगीताचा आवाज मात्र बेताचा हवा. जिथे शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं तिथे गप्प बसायचाही आनंद जातो.

*

एका दुपारी चारच्या सुमाराला मी ऑफिसातून लवकर सुटले आणि हॉटेलचं दार ढकललं. ते उघडं होतं, पण हॉटेल चालू नव्हतं. मधली तीन टेबलं जोडून एक लांब टेबल केलं होतं आणि सगळे जेवत होते: स्वयंपाकी, भांडी घासणारी दोन पोरं, वेटर, भाजी आणून देणारा माणूस. बाई वाढत होत्या. मेनूत कधीच नसलेला पदार्थ होता, उरल्यासुरल्यातून केलेला, आणि वास असा की मी दारातच उभी राहिले. “या, बसा,” बाई म्हणाल्या. मी नको म्हणून बाहेर पडले. आत जायला हवं होतं का, याचा विचार मी अजून करते. जगभर हॉटेलं उघडण्याआधी असं जेवण होतं. दिवसभर सुट्या टेबलांवर इतरांना वाढणारी माणसं स्वतः मात्र एका टेबलाला बसतात.

धंद्याचं गणित मला बाईंकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. ताटाच्या किमतीतला साधारण तिसरा हिस्सा मालाला जातो, तितकाच माणसांच्या पगाराला, मग भाडं, गॅस, वीज, फुटलेले पेले. शेवटी हातात शेकडा चार-पाच राहिले तर ते वर्ष चांगलं. आणि रिकामी खुर्ची साठवून ठेवता येत नाही. मंगळवारी रिकामी राहिलेली खुर्ची शनिवारी दोनदा विकता येत नाही. शनिवारी कोणीही येतं. मंगळवारी येतं ते ओळखीचं गिऱ्हाईक. हे कळल्यापासून मी मंगळवार चुकवत नाही.

2020 मध्ये जगभरच्या खुर्च्या एकदमच उलट्या झाल्या. खिडकीतून आत पाहिलं की अकरा टेबलांवर बावीस-तीस खुर्च्यांचे पाय वर. बाई दाराच्या फटीतून डबे देत होत्या. ऑर्डर आणून देणाऱ्या ॲपच्या कंपन्या मोठा हिस्सा कापून घेत, इतका की न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांना त्यावर 15 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. मी रोज चालत जाऊन डबा आणायचे. तो घरी उघडला की चव तीच असायची आणि तरी मला जेवण जायचं नाही. वेटर डब्यावर पेनानं लिहायचा, ‘खिडकी’. नाव त्याला माहीत नव्हतं.

*

चार नंबरच्या टेबलावर एक आजोबा बसायचे. ते माझ्याही आधीपासूनचे. बरोबर साडेसातला यायचे, टोपी शेजारच्या खुर्चीवर ठेवायचे, सूप, दोन पाव, नंतर कॉफी. मीठ आधीच त्यांच्या हाताशी ठेवलेलं असायचं. चष्मा काढून ते कॉफीच्या वाफेत धरायचे आणि रुमालानं पुसायचे. आमचं बोलणं म्हणजे मान हलवणं. 1972 मध्ये स्टॅनली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञानं अशा माणसांना ‘ओळखीचे अनोळखी’ म्हटलं. रेल्वेच्या फलाटावर रोज थांबणाऱ्या लोकांचे फोटो काढून त्यांनाच दाखवले, तर अनेकांना अनेक चेहरे पाठ होते, पण एकमेकांशी ते कधी एक शब्द बोलले नव्हते. हीच माणसं दूर कुठल्या परक्या ठिकाणी भेटली तर मात्र आवर्जून बोलतात, असंही त्यानं नोंदलं आहे. आजोबा मला कधी परक्या ठिकाणी भेटले नाहीत.

गेल्या वर्षी थंडीत ते यायचे थांबले. पहिल्या दिवशी कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी साडेसातला दाराकडे पाहिलं, ते मी पाहिलं. आठवड्यानंतर वेटर म्हणाला, शेवटच्या दिवशी ते चष्मा विसरून गेले होते. टेबलावरच राहिला होता. बाईंनी तो गल्ल्याखालच्या खणात ठेवला होता.

“कुठे राहतात?” मी विचारलं.

वेटरनं स्वयंपाक्याकडे पाहिलं, स्वयंपाक्यानं बाईंकडे. कोणालाच माहीत नव्हतं. उजव्या हाताच्या गल्लीतून येतात, एवढंच. नाव? बिल ते नेहमी रोखीनं द्यायचे. पंधरा वर्षं तो माणूस तिथे रोज जेवला होता. त्याला मिरी चालत नाही, तो पावाची कड वेगळी काढतो, गुरुवारी त्याला कॉफी कडक लागते, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. त्याच्या दारावर जाऊन टकटक करता येईल असं मात्र काहीच हाताशी नव्हतं.

बाईंनी दोन दिवस दुपारी त्या गल्लीत जाऊन घराघरांत विचारलं. चष्मा दाखवला. चष्म्यावरून कोण माणूस ओळखणार? मी जवळच्या इस्पितळात गेले. त्यांनी नाव विचारलं आणि मी परत फिरले.

ओळख असावी, चौकशी नसावी, हे मी वर इतक्या ठामपणे लिहिलं आहे. ते वाक्य मी त्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिलं आणि मला ते पुरं म्हणवेना.

चार नंबरवर आता इतर लोक बसतात, बसायलाच हवं. वेटर अजून आधी मीठ ठेवतो आणि मग उचलून मधोमध सरकवतो.

परवाच्या मंगळवारी हॉटेलात गर्दी नव्हती. जेवण झाल्यावर मी बिलाच्या पाठीवर माझं पूर्ण नाव लिहिलं, घराचा पत्ता आणि खाली बहिणीचा फोन नंबर. गल्ल्यावर जाऊन ते बाईंपुढे ठेवलं. काय सांगायचं ते मी ठरवून गेले होते, पण बोलावं लागलं नाही. त्यांनी कागद वाचला, खण उघडला. चष्मा आतच होता, एका स्वच्छ फडक्यावर. कागद त्यांनी त्याच्या शेजारी ठेवला.

मग पॅडवरचं एक कोरं बिल फाडून त्यांनी त्यावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्यांचं नाव होतं, आणि एक नंबर. नऊ वर्षांत ते नाव मला माहीत नव्हतं. मी ते मनात दोनदा वाचलं.

“उद्या सूप नाही,” त्या म्हणाल्या. “स्वयंपाकी सुट्टीवर आहे. ऑम्लेट चालेल?”

चालेल, मी म्हटलं.